पहिल्या अनुसूचीतला पाहुणा

माझ्या नोकरीचा बहुतेक काळ इतरांच्या नोंदवह्या तपासण्यात गेला. ऑडिट खात्यात माणूस मुरला की त्याला एक सवय जडते. समोर कोणतीही वस्तू आली की ती किती उपयोगी किंवा किती सुंदर आहे हे पाहण्याआधी, ती कुठून आली, कोणी दिली आणि तिची पावती कुठे आहे, हे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात. घरात ही सवय फारशी लोकप्रिय नसते. मात्र ज्या प्रसंगी तिची मला स्वतःलाच गरज होती, त्या प्रसंगी ती माझ्या हातून सुटली. तो प्रसंग माझ्या घरातील खाऱ्या पाण्याच्या एका लहानशा काचपेटीशी निगडित आहे. प्रशासनाविषयीच्या लेखनात मत्स्यालयाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

२०१२ च्या जूनमध्ये माझी बदली चेन्नईला झाली. मुलगी पुण्याला शिकत होती, त्यामुळे शासकीय निवासस्थानात आम्ही दोघेच. भाषा नवी, ओळखी नव्या, आणि संध्याकाळी सहानंतर करण्यासारखे काही नाही. लहानपणी वडिलांनी एकदा सांगलीहून मुंबईला नेऊन मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. १९५१ साली सुरू झालेल्या त्या वास्तूतील अंधार, आणि त्या अंधारात उजळलेल्या काचांमागचे रंगीत मासे माझ्या डोळ्यांपुढून कधी गेले नाहीत. चेन्नईत समुद्र घरापासून तीन किलोमीटरवर होता. आपल्याही घरात समुद्राचा एक तुकडा असावा, ही इच्छा तेथे पुन्हा जागी झाली.

पेटी अडीच फूट लांब आणि सव्वा फूट रुंद व उंच अशी करून घेतली. तिच्यात सुमारे शंभर लिटर पाणी मावे. गोड्या पाण्यातले मासे पाळणे आणि प्रवाळांचे खारे पाणी सांभाळणे यांत पुष्कळ अंतर आहे, हे पहिल्याच महिन्यात कळले. किनाऱ्यावरचे पाणी शहराच्या सांडपाण्याने दूषित असते, म्हणून ते चालत नाही. नळाच्या पाण्यातील क्षार आणि क्लोरीन आधी गाळून काढायचे आणि त्या शुद्ध पाण्यात दर लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम या प्रमाणात तयार सागरी मीठ विरघळवायचे. एवढे करून लगेच मासा सोडता येत नाही. माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत माणसाने रिकाम्या पेटीकडे बघत बसायचे. इमारत बांधून झाली पण पदे मंजूर झाली नाहीत, अशा कार्यालयासारखी ती अवस्था असते.

स्वभावाप्रमाणे मी एक नोंदवही घातली. तारीख, तापमान, क्षारता, अमोनिया, नायट्रेट, कॅल्शियम, शेरा. पहिली चूक या नोंदवहीनेच पकडून दिली. पेटीतले पाणी रोज अर्धा-पाऊण लिटर उडून जाई आणि मी तेवढेच खारे पाणी वरून ओतत असे. तीन आठवड्यांत विशिष्ट गुरुत्व १.०२५ वरून १.०३० वर गेले. उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. शाळेत मिठागराचा धडा शिकलेल्या माणसाला हे सुचायला तीन आठवडे आणि एक आकडेवारीचा रकाना लागला. दुसरे संकट विजेचे. २०१२ साली तामिळनाडूत विजेची टंचाई तीव्र होती. चेन्नईतही रोज ठरावीक वेळ वीज जाई. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप मी तेव्हा घेतला. तो पुढे फार उपयोगी पडला.

शोभेच्या गोड्या पाण्यातील माशांसाठी चेन्नईचा कोळत्तूर भाग देशभर ठाऊक आहे. खाऱ्या पाण्याचे दुकान मला शहराच्या दुसऱ्याच भागात सापडले. तेथून मी सात किलो ‘लाइव्ह रॉक’ आणले. सच्छिद्र, गुलाबी शेवाळाने माखलेले दगड. पेटी स्थिर झाल्यावर विदूषक माशांची एक जोडी आणली. आणि २०१३ च्या डिसेंबरात दुकानदाराने आतल्या खोलीतून एक वस्तू आणून दाखवली. तळहाताएवढा, मेंदूच्या वळ्यांसारखी नक्षी असलेला, हिरवट तपकिरी रंगाचा जिवंत प्रवाळ. किंमत बाराशे रुपये. पावती मागितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “सर, मिठाची देतो, याची नको.” मी मिठाची पावती घेतली. ती पावती अजून माझ्याजवळ आहे.

आता छायाचित्रणाविषयी. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणून पेटीवर निळसर प्रखर दिवे लावावे लागतात. डोळ्यांना त्या प्रकाशात प्रवाळ हिरवा चमकताना दिसतो, कॅमेऱ्याला मात्र सगळे निळेच दिसते. माझी पहिली दोनशे चित्रे शाई सांडल्यासारखी आली. हळूहळू युक्त्या कळल्या. भिंगापुढे पिवळी काच लावायची. पाण्यात पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्यावरून रंगांचे संतुलन ठरवायचे. भिंग काचेला अगदी समांतर ठेवायचे, कारण थोडा जरी कोन झाला तरी जाड काच आणि पाणी मिळून प्रतिमा फाटल्यासारखी करतात. खोलीतले दिवे मालवून, कॅमेऱ्याभोवती काळे कापड धरायचे, नाहीतर प्रवाळाच्या जागी आपलाच चष्मा चित्रात येतो. पंप बंद करायचे, पण दहा मिनिटांहून जास्त नाही. या सगळ्यात काळे कापड धरण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींकडे असे, आणि त्याविषयीचे त्यांचे मत येथे नोंदवण्यासारखे नाही.

दिवसा हा प्रवाळ दगडासारखा निश्चल असतो. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने त्याच्या वळ्यांमधून पारदर्शक स्पर्शिका बाहेर येतात, टोकाला पांढरा ठिपका असलेल्या, शेकडो. पांढरा प्रकाश पडला की त्या आत जातात. मंद लाल प्रकाशात मात्र त्या तशाच राहतात. तो क्षण टिपायला मला सात महिने लागले. २०१४ च्या जुलैतील एका रात्री पावणेदोन वाजता एक चित्र जसे हवे तसे आले. मी ते मोठे करून चौकटीत बसवले. चाळीस वर्षांपूर्वीचा तो मत्स्यालयातला अंधार आपल्या हाती आला, असे मला वाटले.

२०१५ च्या फेब्रुवारीत एका प्रशिक्षण संस्थेत निरनिराळ्या सेवांतील अधिकाऱ्यांसाठी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. शेवटच्या दिवशी सहभागींच्या छंदांचे छोटे प्रदर्शन ठेवले होते. मी ते चित्र लावले. पुष्कळांनी कौतुक केले. वनसेवेतील एक तरुण अधिकारी, वयाने माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली.

“सर, फारच सुंदर. हा फेविया दिसतो. कुठल्या समुद्रात काढलंत?”

“समुद्रात नाही, माझ्या घरी,” मी अभिमानाने म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “घरी कुठून आला, सर?”

तिच्या आवाजात आरोप नव्हता. असता तर उत्तर देणे सोपे गेले असते. “दुकानातून,” मी म्हणालो. “दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, सर. आपल्याला कल्पना असेलच,” एवढे बोलून ती पुढच्या चित्राकडे गेली.

मला कल्पना नव्हती. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रथमच नीट वाचला. जुलै २००१ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून अनेक सागरी जीव पहिल्या अनुसूचीत घातले होते. त्यांत सर्व दगडी प्रवाळ होते, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे होते, समुद्रकाकडीही होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माझ्या दिवाणखान्यातला तो तळहाताएवढा जीव वाघाच्या पंक्तीला बसलेला होता. कलम ३९ प्रमाणे असा बेकायदा पकडलेला जीव ही राज्य शासनाची मालमत्ता असते, आणि ती ज्याच्या ताब्यात येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत तशी वर्दी द्यायची असते. कलम ५१ प्रमाणे तेव्हा शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे आणि दहा हजारांहून कमी नसलेला दंड. आणि कलम ५७ म्हणते की ताबा सिद्ध झाला की तो बेकायदाच आहे असे गृहीत धरले जाईल, तसा नाही हे ताबेदाराने सिद्ध करायचे. ताब्याचा पुरावा मी स्वतःच चौकटीत बसवून भिंतीवर टांगला होता. शासकीय मालमत्ता नोंदीविना बाळगली म्हणून मी आयुष्यभर लोकांवर परिच्छेद लिहिले होते. आता चौदा महिने ती माझ्या घरी होती.

हा कायदा का झाला, हेही मग वाचले. तामिळनाडूच्या मन्नारच्या आखातात किनाऱ्याला समांतर प्रवाळबेटांची माळ आहे. तेथील प्रवाळ अनेक दशके चुन्यासाठी आणि बांधकामासाठी पहारीने फोडून होड्या भरभरून नेला जाई. १९८६ साली एकवीस बेटे मिळून तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्यांतली दोन बेटे, पूवरसनपट्टी आणि विलांगुचल्ली, आज पाण्याखाली गेली आहेत. प्रवाळाची भिंत खचली की बेटाच्या वाळूला लाटांपुढे उभे राहायला आधार उरत नाही. माझ्या पेटीतले ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे काय, हेही त्याच वाचनात उमगले. तेही प्रवाळांचेच सांगाडे. म्हणजे एक तुकडा नव्हे, सात किलो आणि एक तुकडा. तमिळमध्ये प्रवाळाला पवळम् म्हणतात. आपल्या पोवळ्याच्या इतका जवळचा शब्द मी तीन वर्षे कानाआड केला होता.

घरी आल्यावर अकरा दिवस मी काहीही केले नाही. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मार्ग अनेक होते. चित्र काढून ठेवणे आणि गप्प राहणे, हा सर्वांत सोपा. दुकानदाराला तुकडा परत करणे, म्हणजे तो दुसऱ्या कोणाला तरी विकणार. पहाटे समुद्रात नेऊन सोडणे, हे मनाला बरे वाटणारे. पण त्या वाळूच्या, गढूळ किनाऱ्यावर तो जगला नसता, आणि पेटीतले रोग व परके जीव समुद्रात गेले असते ते वेगळेच. चौथा मार्ग लेखी कळवण्याचा. त्या वर्षी माझे नाव पदोन्नतीच्या यादीत यायचे होते. दक्षता विभागाचा दाखला लागणार होता.

बाराव्या दिवशी जेवताना पत्नी म्हणाली, “अहो, हेच दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असतं, तर तुम्ही परिच्छेद कसा लिहिला असता?” मी तो मनात लिहून पाहिला. ‘सदर मालमत्ता चौदा महिने अनधिकृतपणे ताब्यात ठेवण्यात आली. पावती उपलब्ध नाही. विलंबाचे समाधानकारक कारण नमूद नाही.’ त्याच रात्री पत्राचा मसुदा केला आणि सकाळी वनविभागाला व माझ्या वरिष्ठांना एकाच वेळी पाठवला.

पुढे जे घडले त्यातून प्रशासनाच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पत्र मिळाल्यावर नऊ दिवसांनी दोन कर्मचारी घरी आले. माणसे अत्यंत सौजन्याने वागली. आपल्याकडे ज्याला पंचनामा म्हणतात त्याला तेथे महजर म्हणतात. तो लिहिताना पहिली अडचण आली ती मोजमापाची. जिवंत प्रवाळ नगांत मोजायचा की वजनात? दुसरी अडचण मोठी होती. जप्त करायचा तर ठेवायचा कुठे? हस्तिदंत कपाटात ठेवता येते, चंदन कोठारात. हा पाहुणा चार-पाच तास कोरडा राहिला तर मरतो. कायद्याने जीव अनुसूचीत घातला होता, पण तो ताब्यात आल्यावर ठेवायला जिल्ह्यात एकही टाकी नव्हती. शेवटी एका संशोधन संस्थेच्या मत्स्यालयाने घ्यायचे कबूल केले, आणि तोवर सव्वीस दिवस तो माझ्याच पेटीत, माझ्याच देखभालीखाली, पण शासनाच्या ताब्यात राहिला. मी रोज त्याचे कॅल्शियम मोजत होतो आणि नोंदवहीत ‘राज्य शासनाच्या वतीने’ असे लिहीत होतो.

थर्मोकोलच्या खोक्यात, पाण्याच्या पिशवीत घालून तो नेला. सात आठवड्यांनी कळले की तो जगला नाही. मला वाईट वाटले. काहींनी सुचवले की कायदा पाळल्यामुळेच तो मेला, तुमच्याकडे असता तर जगला असता. हा युक्तिवाद मी पुष्कळ दिवस मनात घोळवला आणि अखेर सोडून दिला. समुद्राच्या दृष्टीने तो ज्या दिवशी छिन्नीने खडकापासून वेगळा झाला त्या दिवशीच गेला होता. त्या दिवसाची किंमत बाराशे रुपये होती, आणि ती मी दिली होती.

चौकशी आठ महिने चालली. माझा जबाब झाला, दुकानाची झडती झाली, तेथे तेव्हा काही सापडले नाही. मी स्वतःहून माहिती दिली आणि विकत घेताना कायद्याचे ज्ञान नव्हते, असा निष्कर्ष काढून प्रकरण नस्तीबद्ध झाले. पदोन्नती एक वर्ष लांबली. याविषयी माझी कोणाबद्दल तक्रार नाही. तक्रार असलीच तर उलट दिशेची आहे. कायद्याचे अज्ञान हा बचाव नसतो, हे मी अनेक कार्यालयांना लिहून दिले आहे. समुद्रकाकडीसुद्धा त्याच अधिसूचनेने त्याच अनुसूचीत आली. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर ती वाळवताना सापडलेला मच्छीमार पकडला जातो, तुरुंगात जातो. त्याचे आजोबा तेच करीत होते. पलीकडे श्रीलंकेत परवाना घेऊन ती काढता येते, हेही त्याला दिसत असते. त्याने अज्ञानाचे कारण सांगितले तर ते कोण मानील? माझे मानले गेले, कारण मी इंग्रजीत दोन पानी निवेदन लिहू शकलो आणि माझ्या नावापुढे एक पदनाम होते. या प्रसंगातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. त्यानंतर मी जितके परिच्छेद लिहिले, त्यांत ‘माहिती नव्हती’ असे उत्तर देणारा कनिष्ठ लिपिक असेल तर त्याच्याकडे ती माहिती पोहोचवण्याची व्यवस्था कोणाची होती, हेही विचारू लागलो.

पेटी मात्र मी मोडली नाही. २०१६ मध्ये ती नव्याने उभारली, आणि नोंदवहीत पहिला रकाना घातला तो ‘कुठून आले’ याचा. दगड सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे, स्वतः ओतून, दोन महिने पाणी बदलत भिजवून ठेवलेले. मासे उबवणी केंद्रातले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम येथे विदूषक माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्थानिक महिलांना शोभेच्या सागरी जीवांच्या संवर्धनाचे शिक्षण दिले आहे. मासा समुद्रातून ओरबाडून न आणताही हा छंद चालू शकतो आणि किनाऱ्यावरच्या घरात त्यातून चार पैसे येऊ शकतात, याचा हा दाखला. विदूषक माशांचे एक वैशिष्ट्य प्रशासकांना आवडेल. जोडीतली मोठी ती मादी. ती मेली की नर स्वतःच मादी होतो आणि पुढचा लहान मासा नराच्या जागी येतो. पद रिक्त राहत नाही.

१२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळले. आमच्या भागात चार दिवस वीज नव्हती. तो बॅटरीचा पंप दुसऱ्या दिवशी रात्री थांबला. त्यानंतर आम्ही दोघांनी पाळीपाळीने, दर वीस मिनिटांनी, मगाने पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीत ओतले. शेजारच्या तमिळ आजी येऊन हसल्या आणि मग त्याही बसल्या. मासे वाचले. त्याच वर्षीच्या एप्रिलातला एक अनुभव मात्र याहून खोल गेला होता. दुपारी पंखा बंद पडून पाणी एकतीस अंशांवर गेले आणि दोनच दिवसांत दगडावरचे गुलाबी शेवाळ पांढरे पडू लागले. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एक अंश जास्त पाणी काही आठवडे टिकले तरी प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर झाले, २०२४ मध्ये पुन्हा झाले. मी पंखा दुरुस्त करून आणू शकलो.

कायदा पुढे बदलत राहिला. मे २०१७ मध्ये मत्स्यालयाच्या दुकानांसाठी केंद्राने नियम काढले. त्यांत विक्रीस मनाई असलेल्या माशांची लांबलचक यादी होती, आणि उबवलेला मासा व समुद्रातून पकडलेला मासा यांत तिने पुरेसा फरक केला नव्हता. व्यापारी आणि छंदिष्ट दोघांनीही ओरड केली आणि ते नियम मागे घेतले गेले. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखालील प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची आली, आणि २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक केली. दिशा योग्य आहे. जे सांभाळायचे ते आधी मोजले पाहिजे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे लहान लहान प्रवाळ २०२० मध्ये वन्यजीव परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा पुष्कळ मुंबईकरांना आपल्या दारात प्रवाळ आहेत हे प्रथमच कळले. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्याजवळच्या पाण्यात डोके बुडवले की जिवंत प्रवाळ दिसतो. तो पाहण्यासाठी विकत घ्यावा लागत नाही.

या अनुभवातून मला तीन गोष्टी सुचतात. एक, मनाई करणाऱ्या प्रत्येक अधिसूचनेबरोबर जप्त झालेला जीव ठेवण्याची व्यवस्था मंजूर झाली पाहिजे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक राज्यात अशी दोन-तीन मत्स्यालये नेमून देणे फार खर्चाचे नाही. दोन, दुकानात प्रत्येक सागरी जीवाबरोबर तो उबवलेला की पकडलेला हे सांगणारी पावती सक्तीची असावी. ज्याची पावती मिळत नाही ते घ्यायचे नाही, हे शाळकरी मुलालाही समजते. आणि तीन, कायदा ज्यांच्या पोटावर येतो त्यांच्यापर्यंत तो त्यांच्या भाषेत, त्यांच्या बंदरावर पोहोचला पाहिजे. माझ्यापर्यंत तो एका प्रदर्शनातल्या चित्रामुळे पोहोचला, तेही अधिसूचनेनंतर चौदा वर्षांनी.

२०१८ मध्ये दिल्लीला बदली झाली तेव्हा पेटी, मासे आणि नोंदवही मी जवळच्या एका शाळेला दिली. रीतसर हस्तांतरणाची यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन. निवृत्तीनंतर आता आम्ही मुलीजवळ बंगळुरूला असतो आणि तशीच एक पेटी पुन्हा बैठकीत आहे. मासे अजून पहाटे दिवे लागण्यापूर्वी जागे होतात आणि मीही. चित्रे काढणे चालू आहे. काळे कापड धरायला हल्ली नातू असतो.

ते जुने चित्र मी फाडले नाही. वनविभागाच्या पत्राची प्रत त्याच्या मागे चिकटवून ठेवली आहे. प्रदर्शनात प्रश्न विचारणाऱ्या त्या अधिकाऱ्याला मी नंतर पत्र लिहिले होते. तिचे उत्तर दोन ओळींचे होते. तिने लिहिले होते की चित्र खरोखरच सुंदर होते, म्हणूनच तिला विचारावेसे वाटले. आता प्रत्येक चित्राखाली मी तीन ओळी लिहितो. केव्हा काढले, कोणत्या प्रकाशात काढले, आणि चित्रातला जीव कुठून आला. शेवटची ओळ लिहिता येणार नसेल तर कॅमेरा बाहेर काढत नाही.